पंधरा केसांची दोरी : सामनच्या गळाचा इतिहास

इ. स. १४९६ मध्ये लंडनलगतच्या वेस्टमिन्स्टर येथे विंकिन द वर्ड या मुद्रकाने एका मोठ्या ग्रंथाला जोडून एक छोटासा प्रबंध छापला. विषय होता गळाने मासे कसे धरावेत. गळाच्या मासेमारीवर इंग्रजीत छापलेले हे पहिले लेखन. परंपरेने ते डेम ज्युलिआना बर्नर्स या जोगिणीच्या नावावर घातले जाते, पण तिच्याविषयी खात्रीने सांगता येईल असे फारच थोडे आहे. या प्रबंधात एक यादी आहे. घोड्याच्या शेपटीचे केस एकत्र पिळून गळाची दोरी करायची. तर कोणत्या माशासाठी किती केस घ्यायचे? मिनोसारख्या बोटभर माशाला एक. पर्चला चार. ट्राउटला नऊ, मोठ्या ट्राउटला बारा. आणि सामनला पंधरा.

विज्ञान शिकवणाऱ्याने या यादीपाशी जरा थांबावे. भार किती येणार आणि दोरी किती सोसणार यांची सांगड घालणारे हे एक कोष्टकच आहे. ते रचणाऱ्याजवळ ताणकाटा नव्हता; न्यूटनचा जन्म व्हायला अजून जवळजवळ दीडशे वर्षांचा अवकाश होता. जवळ होता तो तुटलेल्या दोऱ्यांचा आणि निसटलेल्या माशांचा अनुभव. पुढच्या पाच शतकांत घोड्याचा केस गेला, रेशीमकिड्याची तात आली आणि गेली, नायलॉन आले. प्रश्न मात्र जागचा हलला नाही : मोठा मासा लागला असताना ऐन वेळी दगा देणार नाही असा धागा आधीच कसा ओळखायचा?

प्रथम थोडे माशाविषयी. आपल्या बाजारात रावसाला 'इंडियन सामन' म्हणतात, पण त्याचे आणि खऱ्या सामनचे कूळ वेगळे. अटलांटिक सामन युरोपच्या आणि उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या नद्यांमध्ये जन्मतो, समुद्रात जाऊन वाढतो आणि अंडी घालण्यासाठी बहुधा आपल्या जन्माच्याच नदीत परततो. परतल्यावर तो जवळजवळ काहीच खात नाही. अंगातल्या चरबीवर महिनोन्‌महिने काढतो. तरीही पिसे आणि दोरे बांधून केलेल्या कृत्रिम माशीवर तो झडप घालतो. का घालतो यावर शंभर-दीडशे वर्षे वाद चालू आहे, त्यात आपण शिरायला नको. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की या पिसांच्या माशीला वजन असे नसतेच. दगड फेकता येतो, पीस फेकता येत नाही. म्हणून या पद्धतीत माशी फेकायची नसतेच. काठीने फेकायची ती जाडजूड, वजनदार दोरी, आणि तिच्यामागून माशी ओढली जाते. पण जाड दोरीलाच माशी बांधली तर ती पाण्यावर धपकन पडेल आणि दोरी माशाच्या डोळ्यांवर येईल. यासाठी दोरी आणि माशी यांच्यामध्ये दोन-तीन मीटर लांबीचा, टोकाकडे निमुळता होत जाणारा, होईल तितका अदृश्य असा तुकडा जोडतात. त्याला लीडर म्हणतात. मागची जाड दोरी सहसा तुटत नाही, काठी क्वचितच मोडते. सगळ्या साखळीत बारीक आणि नाजूक असतो तो लीडर, आणि मासा असतो त्याच्याच टोकाला.

पंधरा केसांकडे परत जाऊ. घोड्याच्या शेपटीचा एक चांगला केस सुमारे ०·२ मिलिमीटर जाड असतो आणि ढोबळमानाने अर्धा किलो वजन पेलतो. पंधरा केस म्हणजे कागदावर सात-साडेसात किलो. प्रत्यक्षात इतके मिळत नाही, कारण पिळलेल्या दोरीत सगळे केस सारखे ताणलेले नसतात; जो जास्त ताणलेला असतो तो आधी तुटतो आणि त्याचा भार शेजाऱ्यांवर पडतो. म्हणून आयझॅक वॉल्टनने १६५३ साली आपल्या प्रसिद्ध पुस्तकात केस निवडण्यावर एवढा भर दिला : केस गोल हवा, काचेसारखा स्वच्छ हवा, त्यावर खरवड किंवा गाठ नको, आणि एका दोरीतले सगळे केस सारख्या जाडीचे हवेत. जाड आणि बारीक केस एकत्र पिळले तर ताण सारखा वाटला जात नाही, हे त्याला पुरते ठाऊक होते. घोडीचा केस टाळावा, कारण तो मूत्राने भिजून कमजोर होतो, असेही जुने मच्छीमार सांगत.

केसांच्या दोरीचा एक मोठा गुण होता. एक केस तुटला तरी चौदा उरत. विजेच्या समांतर जोडणीत एक दिवा गेला तरी बाकीचे चालू राहतात, तसेच हे. दोरी तुटण्याआधी सूचना देई. बोटांना एक तुटका केस लागला की तेवढा भाग बदलून टाकायचा. दोष होता तो जाडीचा. पंधरा केसांची पिळलेली दोरी नितळ पाण्यात स्पष्ट दिसते. ट्राउट धरणाऱ्या चार्ल्स कॉटनने १६७६ साली दोन केसांच्या दोरीवर वीस इंची ट्राउट काढता आला पाहिजे, नाहीतर मच्छीमार म्हणवून घेऊ नये, अशी फुशारकी मारली आहे. ट्राउटच्या बाबतीत ती शोभते. सामनच्या बाबतीत दोन केसांची गोष्ट काढणारा कोणी आम्हांला आढळला नाही.

बारीक, पारदर्शक आणि तरीही बळकट अशा अखंड धाग्याचा शोध त्याच काळात सुरू झाला होता. सॅम्युएल पीप्स हा ब्रिटिश नौदलाचा अधिकारी आपल्या रोजनिशीसाठी आजही वाचला जातो. मार्च १६६७ मधल्या एका नोंदीत तो लिहितो, की सीझर नावाच्या त्याच्या वादक मित्राने ल्यूट या वाद्याची अगदी पातळ तात वॉर्निश लावून गळाला वापरली. वॉर्निशमुळे ती पाण्यात फुगत नाही आणि केसापेक्षा बारीक असूनही जास्त बळकट ठरते. पीप्सला ही युक्ती फारच आवडली. याच पीप्सने दोन वर्षांपूर्वी, १६६५ मध्ये, रॉबर्ट हूकचे 'मायक्रोग्राफिया' रात्री दोन वाजेपर्यंत जागून वाचले होते. त्या पुस्तकात हूकने एक कल्पना मांडली आहे : रेशमाचा किडा ज्या चिकट पदार्थापासून धागा काढतो तसा पदार्थ माणसाला तयार करता आला, तर तोही ओढून त्याचे कृत्रिम रेशीम करता येईल. ही कल्पना प्रत्यक्षात यायला दोनशेहून अधिक वर्षे लागली. तोवर मच्छीमारांनी दुसरी वाट धरली. चिकट पदार्थ तयार करण्याऐवजी त्यांनी तो थेट किड्याच्या पोटातून काढला.

जेम्स सॉन्डर्सच्या १७२४ मधल्या पुस्तकात रेशीमकिड्याच्या तातीचा उल्लेख येतो. पुढे एकोणिसाव्या शतकात स्पेनच्या आग्नेय भागातला मुर्सिया प्रांत या धंद्याचे केंद्र बनला. तिथे या तातीला इखुएला म्हणत. तिची कृती मुळातून समजून घेण्याजोगी आहे.

तुतीच्या पानांवर वाढलेला रेशमाचा किडा कोश विणण्याच्या बेतात आला की खाणे थांबवतो आणि डोके वर करून हलवू लागतो. त्या वेळी त्याच्या शरीरात दोन लांब, वळणावळणाच्या ग्रंथी द्रवरूप रेशमाने गच्च भरलेल्या असतात. नेमक्या या अवस्थेत किडे व्हिनेगर मिसळलेल्या पाण्यात टाकत. आम्लामुळे आतले प्रथिन घट्ट होऊ लागते, दह्याला विरजण लागावे तसे. काही तासांनी किडा फाडून दोन्ही ग्रंथी अलगद बाहेर काढायच्या, प्रत्येकीची दोन टोके दोन हातांत धरायची आणि एका झटक्यात, पण तुटू न देता, ताणायची. बोटभर ग्रंथीचा तीस ते चाळीस सेंटिमीटर लांबीचा धागा होई. मग तो वाळवणे, साबणाच्या किंवा सोड्याच्या पाण्यात उकळून वरचे साल काढणे, गंधकाची धुरी देऊन उजळवणे, घासून चकाकी आणणे, आणि शेवटी लांबी, जाडी व गोलाई पाहून एकेक धागा वेगळा काढणे. हाच किडा कोश विणायला मोकळा सोडला असता तर त्याच रेशमाचा हजार मीटरच्या आसपास लांबीचा, डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका तलम धागा त्याने काढला असता. इथे त्याचेच हातभर लांबीचे दोन जाड धागे झाले.

ताणण्याच्या त्या एका हालचालीत बरेच काही दडले आहे. ग्रंथीतल्या रेशमाचे लांबलचक रेणू अस्ताव्यस्त गुंतलेले असतात. ओढल्यावर ते ओढीच्या दिशेने सरळ होतात, एकमेकांशेजारी येतात आणि त्यांच्यातले हायड्रोजन बंध जुळतात. धागा बळकट होतो तो यामुळे. कमी ताणला तर मऊ आणि कमजोर, जास्त ताणला तर तिथेच तुटणार. आणि प्रत्येक ग्रंथी वेगळी. म्हणजे धाग्याची ताकद कामगाराच्या मनगटावर ठरत होती. मुर्सियातल्या त्या कामगारांना रेणू हा शब्द माहीत असण्याचे कारण नव्हते, पण बहुवारिकांच्या रसायनशास्त्रातली एक मोलाची क्रिया ते रोज हजारो वेळा हातांनी करत होते.

सर्वांत जाड, गोल आणि निर्दोष धागे सामनसाठी बाजूला काढले जात. असे धागे थोडेच निघत आणि त्यांची किंमत भारी असे. बारीक ट्राउटसाठी मात्र दुसरी युक्ती होती. धातूच्या पट्टीतल्या छिद्रांतून तात ओढून ती खरवडून बारीक करायची. एकदा ओढली की एक एक्स, दोनदा ओढली की दोन एक्स. हे माप आजही नायलॉनच्या रिळांवर छापलेले असते. ११ मधून एक्सचा आकडा वजा केला की इंचाच्या हजाराव्या भागांत जाडी मिळते. पाच एक्स म्हणजे ६ सहस्रांश इंच, सुमारे ०·१५ मिलिमीटर. नायलॉन कुठल्याच छिद्रातून खरवडत नाहीत, तरी आकडा टिकून आहे. सामनसाठी मात्र खरवडलेली तात वापरत नसत. खरवडताना वरचा गुळगुळीत थर जातो, आणि पृष्ठभागावरच्या बारीक ओरखड्यापासूनच धागा तुटायला सुरुवात होते.

आता गणित करून पाहू. लीडर नऊ फुटांचा, म्हणजे १०८ इंच. एक धागा चौदा इंचांचा, त्यातले दोनेक इंच गाठींत जाणार. म्हणजे नऊ धागे लागले आणि धाग्यांमध्ये आठ गाठी आल्या. इथे केसांच्या दोरीचे चित्र नेमके उलटे झाले आहे. पंधरा केस एकमेकांशेजारी समांतर होते. नऊ धागे एकापुढे एक, म्हणजे एकसर जोडणीत आहेत. यातला एक तुटला की सगळे संपले. समजा, प्रत्येक गाठ टिकण्याची शक्यता शंभरात ९५ आहे. ऐकायला हे चांगले वाटते. पण आठही गाठी टिकण्याची शक्यता ०·९५ चा आठवा घात, म्हणजे सुमारे ०·६६. तीन माशांपैकी एक गेलाच! प्रत्येक गाठ शंभरात ९९ वेळा टिकणारी असली, तर आठ गाठी शंभरात ९२ वेळा टिकतील. सामनचे जुने मच्छीमार गाठींबाबत इतके काटेकोर का असत, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. नववीच्या वर्गाला घातांक शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.

शिवाय तात कोरडी असताना ठिसूळ असते. कोरड्या तातीला गाठ मारली की ती तडकते. म्हणून आदल्या रात्रीपासून ती ओल्या फेल्टच्या थरांमध्ये, पसरट डबीत ठेवावी लागे. उन्हाने ती खराब होई, ओली ठेवून दिली तर कुजे. गेल्या वर्षीच्या तातीवर शहाणा माणूस विश्वास ठेवत नसे. एकोणिसाव्या शतकात सामनच्या माशीचा गळही बिनडोळ्याचा असे आणि त्याला तातीचेच वेटोळे बांधलेले असे. माशी सुंदर, पिसे शाबूत, पण आतून वेटोळे कुजलेले, असे होऊन मासे जात. अशा नाजूक सामग्रीवरही केवढे मासे निघाले! टायनी मॉरिसन या बाईंनी १९२४ साली स्कॉटलंडच्या डेव्हरन नदीत ६१ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ २८ किलोंचा सामन कृत्रिम माशीवर धरला. ब्रिटनमध्ये माशीवर धरलेला सर्वांत मोठा सामन म्हणून त्याची नोंद आहे.

त्याच सुमारास, नदीपासून दूर, कापसाच्या धाग्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी या प्रश्नाला शास्त्रीय रूप दिले. मँचेस्टरच्या शर्ली संस्थेत एफ. टी. पिअर्स यांनी १९२६ मध्ये सर्वांत कच्च्या दुव्याचा सिद्धान्त मांडला. धाग्याची ताकद त्याच्या सरासरीवर ठरत नाही, त्यातल्या सर्वांत कमजोर जागेवर ठरते. आणि धागा जितका लांब, तितकी त्यात एखादी फारच कमजोर जागा असण्याची शक्यता जास्त. त्याच संस्थेत एल. एच. सी. टिपेट हे संख्याशास्त्रज्ञ काम करत होते. त्यांनी आर. ए. फिशर यांच्याबरोबर १९२८ मध्ये टोकाच्या मूल्यांचे गणित बसवले. नदीला शंभर वर्षांत एकदा येणारा पूर किती मोठा असेल, याचा अंदाज आज याच गणिताने बांधतात. लीडरच्या सर्वांत बारीक शेवटच्या तुकड्याला मच्छीमार टिपेटच म्हणतात. हा केवळ योगायोग, पण आम्हांला तो गोड वाटतो. आपल्याकडेही मुंबईत माटुंग्याला १९२४ मध्ये कापसाची तंत्रप्रयोगशाळा सुरू झाली आणि तिथे भारतीय कापसाची सूत काढून परीक्षा होऊ लागली. सामनचा मच्छीमार आणि सूतगिरणीचा मालक यांची काळजी एकच होती.

मग आले नायलॉन. अमेरिकेतल्या विल्मिंग्टन येथे ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरॉदर्स आणि त्यांचे सहकारी लांब साखळीचे रेणू जाणूनबुजून जोडून पाहत होते. १९३० मध्ये त्यांच्यातल्या ज्युलियन हिल यांना एका वितळलेल्या पॉलिएस्टरपासून काचेच्या कांडीने धागा ओढता आला. थंड झाल्यावरही तो धागा कितीतरी पट ताणला जाई, आणि ताणल्यावर आधीपेक्षा खूपच बळकट होई. हा धागा किती लांब जातो हे पाहायला मंडळी तो ओढत प्रयोगशाळेच्या बोळातून पळत सुटली, अशी हकिकत आहे. मुर्सियाचा कामगार ग्रंथी ताणून जे करत होता तेच हे. फरक इतकाच, की आता ओढ किती हवी ते यंत्रावर ठरवता येणार होते. पॉलिएस्टरचा तो धागा कमी तापमानाला वितळे, म्हणून तो मागे पडला. २८ फेब्रुवारी १९३५ रोजी नायलॉन तयार झाले. त्याच्या साखळीतला जोड कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा आहे, आणि रेशमाच्या प्रथिनातला जोडही तोच. हूकची कल्पना २७० वर्षांनी अशी फळाला आली. कॅरॉदर्स मात्र ते यश पाहायला राहिले नाहीत. खिन्नतेच्या विकाराने ग्रासलेल्या त्या शास्त्रज्ञाने एप्रिल १९३७ मध्ये आत्महत्या केली. कंपनीने नायलॉनची जाहीर घोषणा केली ती ऑक्टोबर १९३८ मध्ये. पहिला उपयोग दात घासण्याच्या ब्रशात झाला. पाठोपाठ गळाचा धागाही आला, ज्याला आपल्याकडे किनाऱ्यावर तंगूस म्हणतात. त्याच वर्षांत स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलेले होते आणि मुर्सिया अखेरपर्यंत प्रजासत्ताकाच्या बाजूला होते. पुढे लगेच महायुद्ध. तातीचा पुरवठा विस्कळीत झाला, आणि युद्धानंतर नायलॉनपुढे तो धंदा पुन्हा उभा राहिला नाही.

नायलॉनने गणित एकदम बदलले. हवा तेवढा लांब, सगळीकडे सारख्या जाडीचा धागा मिळू लागला. आठ गाठींच्या जागी दोन-तीन गाठी उरल्या. तरीही सामनचे जुने मच्छीमार बरीच वर्षे त्याच्याकडे संशयाने पाहत राहिले, आणि ते चुकत नव्हते. तातीला मारायच्या पिढीजात गाठी गुळगुळीत नायलॉनवर सरकून सुटत. धागा बळकट, पण गाठ बेभरवशाची. रक्तस्राव थांबवणाऱ्या वैद्याने नव्या औषधाला बिचकावे तसेच हे. मग जास्त वेढे घालून, ओली करून, हळूहळू आवळायच्या गाठी रूढ झाल्या. नायलॉनला पाण्याचेही वेड आहे. त्याचा तो रेशमासारखा जोड पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतो. बराच वेळ भिजल्यावर ते आपल्या वजनाच्या आठ-नऊ टक्के पाणी शोषते आणि त्याची ताकद दहा ते वीस टक्क्यांनी उतरते. म्हणूनच १९३९ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय गळमासेमारी संघटना विक्रमांसाठी आलेला धागा भिजवून तपासते. रिळावरचा आकडा कोरड्या धाग्याचा असू शकतो. मासा ओल्या धाग्याला लागतो.

यावर उतारा म्हणून जपानच्या क्युरेहा कंपनीने १९७१ मध्ये पॉलिव्हिनिलिडिन फ्लोराइडचा धागा आणला. तो पाणी जवळजवळ शोषत नाही. त्याचा अपवर्तनांक १·४२, नायलॉनचा सुमारे १·५३ आणि पाण्याचा १·३३. सरळ पडणाऱ्या प्रकाशाचे परावर्तन काढून पाहिले तर पाण्यातल्या नायलॉनवरून सुमारे अर्धा टक्का प्रकाश परततो आणि या धाग्यावरून एक दशांश टक्का. म्हणजे तो खरोखरच कमी दिसतो. पण तो जास्त ताठ असतो, गाठीबाबत अधिक लहरी असतो, आणि पाण्याच्या पावणेदोन पट घन असल्याने बुडतो. ट्राउट धरणाऱ्याला त्याचा मोह पडणे साहजिक आहे. भुकेने न येणाऱ्या सामनच्या बाबतीत मात्र, विशेषतः फेसाळ आणि काळसर पाण्यात, धागा दिसण्यापेक्षा टिकण्याला महत्त्व द्यावे असे आमचे मत आहे, आणि बरेच अनुभवी मच्छीमार अजूनही साधे जाड नायलॉनच बांधतात.

किती जाड? इथे एक गंमत आहे. लांब काठीने माणूस माशाला फार जोरात ओढू शकतच नाही, कारण तरफेचा लांब दांडा माशाच्या बाजूला असतो. पंधरा फुटी काठी पूर्ण वाकवूनही ओढ दीड किलोच्या आसपासच राहते. मग आठ किलोचा लीडर कशाला? हिशेब करा. आठ किलोचा धागा भिजून १५ टक्के उतरला : ६·८. चांगल्या गाठीने २० टक्के नेले : ५·४. खडकावर घासून ओरखडा पडला, किंवा वाऱ्याने फेकताना धाग्यात आपोआप एक साधी गाठ बसली, तर उरलेल्याचे निम्मे : २·७. अजून दीड किलोच्या वर आहे, मासा येईल. तेच चार किलोच्या धाग्याने सुरुवात केली तर शेवटी १·३६ किलो उरतात, आणि मासा गळ तोंडात घेऊन जातो. पूल बांधणारे अभियंते ज्याला सुरक्षा गुणांक म्हणतात तो हाच.

या हिशेबाला आज आणखी एक बाजू आली आहे. अटलांटिक सामन कमी होत चालला आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याला जागतिक पातळीवर 'धोक्याच्या जवळ' आणि ग्रेट ब्रिटनमध्ये 'संकटग्रस्त' ठरवण्यात आले. स्कॉटलंडमध्ये गळाला लागलेल्या दहांपैकी नऊहून अधिक सामन आता परत सोडले जातात. सोडलेला मासा जगावा असे वाटत असेल तर तो दमून अर्धमेला होण्याआधी काठावर आणला पाहिजे, म्हणजे धागा जोराने ओढता येईल इतका जाड हवा. बारीक धाग्यावर मोठा मासा तासभर खेळवणे ही एके काळी बढाई होती. आता ती माशाच्या जिवावर येते. आणि धागा तुटलाच, तर गळाबरोबर लोंबत राहणारे नायलॉन तातीसारखे कुजून जात नाही. म्हणून नदीकाठचे जाणते वाटाडे दर दिवशी सकाळी लीडरचा शेवटचा हातभर तुकडा कापून नवीन बांधतात, आणि कापलेला तुकडा खिशात ठेवून घरी नेतात.

वर्गात हे करून पाहायला सामन लागत नाही. बाजारातून बारीक तंगूस आणावा आणि एक ताणकाटा घ्यावा. एकाच रिळातले वीतभर लांबीचे चाळीस तुकडे कापून त्यांचे चार गट करावेत : कोरडे, रात्रभर भिजवलेले, मध्ये एक साधी गाठ कोरडीच आवळलेले, आणि तीच गाठ पाण्यात भिजवून हळू आवळलेले. दोन्ही टोके लाकडी दांड्यांना बरेच वेढे देऊन बांधावीत, नाहीतर धागा बांधल्या जागीच तुटेल आणि मोजले जाईल ते भलतेच. प्रत्येक तुकडा किती भाराला तुटला ते फळ्यावर लिहावे, सरासरी काढावी, आणि तिच्याशेजारी प्रत्येक गटातला सर्वांत लहान आकडाही लिहावा. नंतर साध्या शिवणाच्या दोऱ्याचे वीतभर आणि दोन मीटर लांबीचे प्रत्येकी दहा तुकडे घेऊन पिअर्स यांचा सिद्धान्त तपासता येतो. तंगूस तुटताना चाबकासारखा उलटतो, तेव्हा ओढणाऱ्या मुलांच्या डोळ्यांना चष्मा हवा आणि बाकीच्यांनी दोन पावले मागे उभे राहावे.